आपल्याकडची चिमुकली पाकोळी: ओळखायची कशी, शोधायची कुठे

दिवेलागणीला अंगणात किंवा गच्चीवर उभं राहिलं, की घराच्या छपराएवढ्या उंचीवर काहीतरी भिरभिरत जातं, अचानक वळतं, खाली झुकतं आणि पुन्हा त्याच वाटेने परत येतं. महाराष्ट्रात कुठेही असाल, तर ती बहुधा पिपिस्ट्रेलस कुळीतली पाकोळी असते. त्यातली सर्वांत लहान म्हणजे पिपिस्ट्रेलस टेन्युइस. इंग्रजी पुस्तकांत तिला 'इंडियन पिग्मी बॅट' किंवा 'लीस्ट पिपिस्ट्रेल' म्हणतात. अफगाणिस्तानापासून व्हिएतनाम, फिलिपिन्स, इंडोनेशियापर्यंत ती सापडते. आपल्याकडे कोकण, देश, विदर्भ सगळीकडे आहे. तिच्यासाठी लेणी किंवा किल्ले हिंडावे लागत नाहीत. ती माणसाच्या वळचणीलाच राहते.

हा लेख पहिल्यांदाच पाकोळी बघायला निघालेल्यांसाठी आहे. पाकोळीला हात न लावता, तिची झोपमोड न करता तिचं रूप, राहण्याची जागा आणि सवयी कशा टिपायच्या, ते क्रमाने दिलं आहे.

आधी नावांचा गुंता

मराठीत 'पाकोळी' हा शब्द लहान वटवाघळालाही लावतात आणि पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छज्जाखाली पिसं-गवत लाळेने चिकटवून घरटी करणाऱ्या काळपट पक्ष्यालाही. दोघंही संध्याकाळी एकाच आकाशात असतात, म्हणून नवख्याच्या नोंदवहीत पहिली चूक इथेच होते. या लेखात पाकोळी म्हणजे लहान कीटकभक्षी वटवाघूळ.

शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. 'टेन्युइस' हे नाव १८४० मध्ये सुमात्रातल्या नमुन्यावरून पडलं. पुढे १८९९ मध्ये वन खात्यातले अधिकारी आर. सी. रॉटन यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात कोकणातल्या वटवाघळांवर लेख लिहिला आणि डांगच्या जंगलातल्या चिमुकल्या पाकोळीला 'मिमस' हे नाव दिलं. आज बहुतेक अभ्यासक 'मिमस'ला 'टेन्युइस'चीच उपप्रजाती मानतात. म्हणून जुन्या भारतीय लेखांत 'पिपिस्ट्रेलस मिमस' दिसलं, तर तो वेगळा प्राणी नाही. इंटरनेटवर शोधताना दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागणारच नाही. आणि 'पिपिस्ट्रेलस पिग्मेयस' या नावाच्या मागे लागू नका. ती युरोपातली वेगळी प्रजाती आहे, आपल्याकडे नाही.

काय जवळ हवं

- डोक्याला लावायचा टॉर्च, त्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर
- बोटाने दाबून मोजायचा काउंटर (जपाचा चालतो, उत्तम चालतो)
- नोंदवही आणि पेन्सिल. दवात पेनची शाई पसरते
- १५ सेंमीची पट्टी आणि साधा तापमापक
- लेंडी तपासायला पांढरा कागद, चिमटा, १० पट भिंग, मास्क, हातमोजे
- पुठ्ठ्याचं लहान खोकं आणि सुती फडकं (जखमी पाकोळी सापडली तर)
- जमल्यास बॅट डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांच्या आपल्याला ऐकू न येणाऱ्या हाका टिपणारं यंत्र. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नसला तरी काही अडत नाही

कागदपत्रांत ओळखपत्र ठेवाच. सोसायटी, शाळा, देवस्थान यांच्या आवारात संध्याकाळी उभं राहायचं असेल, तर सचिव किंवा विश्वस्तांचं दोन ओळींचं परवानगीपत्र घ्या. अंधारात टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या छपराकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला कुणीही हटकणारच. संरक्षित वास्तू बहुतेक सूर्यास्ताला बंद होतात आणि राखीव जंगलात रात्री जायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. जाळं लावून पाकोळी पकडणं हे प्रशिक्षित आणि परवानाधारक अभ्यासकांचं काम आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

१. आकार डोळ्यांत भरून घ्या

खिशातून दहा रुपयांचं पिवळ्या कडेचं नाणं काढा. त्याचा व्यास २७ मिमी आहे. या पाकोळीचा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जवळजवळ तेवढाच असतो, साधारण २५ ते ३० मिमी. वटवाघळांच्या अभ्यासात हीच लांबी सर्वांत महत्त्वाची मानतात, कारण पोट भरलेलं असो वा रिकामं, मादी गाभण असो वा नसो, हाताचं हाड बदलत नाही. वजन मात्र बदलतं. ते २ ते ४ ग्रॅमच्या आसपास राहतं, म्हणजे त्याच नाण्याच्या साधारण पाव ते निम्मं. पंख मिटून फटीत बसलेली पाकोळी तुमच्या अंगठ्याच्या वरच्या दोन पेरांएवढी असते. तीच पंख पसरून उडाली की वीतभर दिसते. म्हणूनच उडताना बघून तिला 'लहान' म्हणायला लोक कचरतात.

जवळून नीट दिसलीच, तर पुढच्या खुणा बघा.

पाठीची लव तपकिरी, कुठे काळपट तर कुठे तांबूस झाक असलेली. पोटाकडची फिकट. पण केस फुंकरीने बाजूला झाले, तर मुळाशी दोन्हीकडे काळेच दिसतात. पंख आणि चेहरा गडद तपकिरी. नाकावर पान, नाल किंवा घडी काहीही नाही. तोंड साधं, बारीक कुत्र्यासारखं. कान लहान, टोकाला गोलसर. कानाच्या भोकापुढे उभी राहणारी कातडीची छोटी पट्टी असते, तिला ट्रॅगस म्हणतात. या कुळीत ती आखूड आणि बोथट असते. शेपूट दोन पायांमधल्या पडद्यात पूर्ण गुंतलेली, टोक फार तर मिलिमीटरभर बाहेर.

शेपटीची ही खूण सोन्यासारखी आहे. दगडी भिंतीला चिकटलेल्या वटवाघळाची शेपूट उंदरासारखी लांब, मोकळी लोंबत असेल, तर ते उंदीरशेपट्या वटवाघळांपैकी. शेपटीचा जाडसर अर्धा भाग पडद्याच्या कडेबाहेर आला असेल, तर ते मुक्तशेपट्यांपैकी. शेपूट पडद्याच्या मधूनच वर निघाली असेल, तर ते थडग्यांत, देवळांत राहणारं टॅफोझस. नाकावर नक्षी दिसली, तर पानासारख्या किंवा नालेसारख्या नाकाचं. यांपैकी काहीच नसेल आणि आकार अंगठ्याएवढा असेल, तरच पुढच्या पायरीला जा.

२. फट शोधा, प्राणी नंतर

नवखे पाकोळी शोधायला छपराखाली टॉर्च मारतात आणि 'इथे काही नाही' म्हणून परत जातात. ही पाकोळी मोठ्या वटवाघळासारखी उघड्यावर लटकत नाही. पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी घासेल, अशा अरुंद जागेत ती स्वतःला सरकवून घेते. करंगळी आत जाईल एवढी फट तिला पुरते. एका फटीत बहुधा एक-दोन ते दहा-पंधराच असतात. शेकड्यांचा थवा मिळाला, तर प्रजाती दुसरी असण्याची शक्यता धरा.

गावातल्या घरात आधी कौलं बघा. मंगलोरी कौलांची जिथे एकमेकांवर चढण होते तिथली पोकळी, आढ्याच्या कौलाखालची चुन्याची सुटलेली भर, वासा आणि भिंत यांमधली सांध, दाराच्या चौकटीमागे लाकूड आकसून पडलेली भेग. मातीच्या घरात भिंतीचा वरचा थर आणि छप्पर यांमधली जागा. शहरात त्याच सवयीची नवी रूपं मिळतात: रोलिंग शटरच्या पेटीचं झाकण, दुकानाच्या पाटीमागची पोकळी, दोन इमारतींमधला जोड, एसीच्या पाइपाभोवती बुजवायचं राहिलेलं भोक, उघडीच राहणारी खिडकीची झडप, वापरात नसलेली मीटरपेटी.

झाडांवर म्हणाल, तर सुटलेल्या सालीखाली, लहान ढोलीत आणि ताड-माडाच्या वाळून खाली लोंबणाऱ्या झावळ्यांच्या घड्यांत. माडाची वाळकी झावळी काढायच्या आधी संध्याकाळी एकदा तिच्याकडे बघा, एवढंच कोकणातल्या वाचकांना सांगणं आहे. ताडाच्या किंवा भेरली माडाच्या पानाखाली कुत्र्यासारख्या लांबट तोंडाची, मोठ्या डोळ्यांची, पाकोळीहून बरीच मोठी वटवाघळं लटकलेली दिसली, तर ती फळं खाणारी आहेत. ती पानं कुरतडून त्यांचा आडोसा करतात. आपली पाकोळी असं काही करत नाही.

राहण्याच्या जागेला तीन गोष्टी लागतात: मांजर पोचणार नाही अशी उंची, तोंडासमोर उड्डाणाला मोकळी जागा आणि दिवसभर साठून राहणारी ऊब. पश्चिमेच्या उन्हाने तापलेली भिंत त्यांना आवडते. जवळपास पाणी, झाडांची रांग किंवा भातखाचर असेल, तर शोध तिथूनच सुरू करा. लहान पतंग, माश्या, डास, तुडतुडे आणि बारीक भुंगेरे तिथेच जास्त असतात.

३. लेंडी सांगेल

फट सापडली, पण आत कोण? जमिनीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा भिंतीवर फटीच्या बरोबर खाली बघा. काळ्या, तांदळाच्या दाण्याहून बारीक, ३-४ मिमीच्या लेंड्या मिळतील. पहिल्या भेटीत लोक त्यांना हमखास उंदराच्या समजतात. फरक ओळखायला एक मिनिट लागतं.

मास्क आणि हातमोजे घाला. सुकलेली लेंडी चिमट्याने पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबा. पाकोळीची लेंडी चुरगळून तिची भुकटी होते आणि भिंगाखाली ती चमकते. ही चमक म्हणजे पतंगांचे खवले, भुंगेऱ्यांच्या कवचाचे तुकडे, माशीच्या पंखांच्या चकत्या. उंदराची लेंडी सुकल्यावर दगडासारखी होते, दाबल्यावर घसरते किंवा तुटते, भुकटी होत नाही. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. पालही कीटकच खाते, त्यामुळे तिची विष्ठाही भुसभुशीत असू शकते. म्हणून पांढरं टोक आधी शोधा. ते नुसतं गळून पडलेलं असू शकतं, म्हणून एका लेंडीवर निकाल देऊ नका, दहा बघा.

फटीच्या तोंडाशी तेलकट, काळपट डाग असेल आणि सूर्यास्ताच्या सुमारास आतून बारीक किचकिच ऐकू येत असेल, तर जागा पक्की झाली. बंद माळ्यावर विष्ठेचा जुना थर साचला असेल, तर तो झाडू नका. धूळ उडवून श्वासात घेणं फुप्फुसांना घातक ठरू शकतं. पाणी शिंपडून, मास्क लावून, ओल्या फडक्याने उचलायचा.

४. बाहेर पडताना मोजा

सगळ्या कामात सर्वांत भरवशाचं हेच, आणि त्यात पाकोळीला काहीच त्रास नाही. ही पाकोळी लवकर निघणाऱ्यांतली आहे. बऱ्याचदा आकाशात उजेड असतानाच पहिली बाहेर पडते आणि पुढच्या अर्ध्या तासात बहुतेक निघून गेलेल्या असतात.

सूर्यास्ताची वेळ त्या दिवसाची, त्या गावाची बघा. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. 'रोज साडेसहाला' असं ठरवून गेलात, तर वर्षाचा निम्मा भाग चुकीचा मोजाल.

सूर्यास्ताच्या २० मिनिटं आधी जागेवर या. फटीपासून चार-पाच मीटर लांब, थोडं बाजूला उभे राहा, बरोबर समोर नाही. तिच्या उड्डाणाच्या वाटेत माणूस असला की ती आतच थांबते. फटीच्या मागे आकाश येईल असा कोन निवडा. भिंतीच्या पार्श्वभूमीवर अंधार पडल्यावर काहीच दिसत नाही, पण आकाशावर काळी आकृती शेवटपर्यंत दिसते. टॉर्च बंद. लाल उजेडही फटीवर मारायचा नाही, तो फक्त वहीपुरता. प्रकाश पडला की त्या उशिरा निघतात, आणि संध्याकाळी कीटक सर्वांत जास्त असतात तेव्हाच त्यांची शिकार बुडते.

प्रत्येक बाहेर पडणाऱ्यासाठी एकदा काउंटर दाबा. आत परतणारी वेगळी मोजा आणि वजा करा. ही वजाबाकी विसरल्यामुळे सहाच्या बारा झालेल्या नोंदी सर्रास दिसतात, कारण काही जणी बाहेर पडून चक्कर मारून लगेच आत जातात. शेवटची निघाल्यावर दहा मिनिटं आणखी थांबा. एका जागेचा आकडा किमान तीन संध्याकाळी घ्या आणि सर्वांत मोठा आकडा त्याच्या तारखेसह लिहा. एखाद्या संध्याकाळी शून्य आलं, म्हणजे जागा सुटली असं नाही. त्या जवळपासच्या दोन-तीन फटी आलटून पालटून वापरतात. जोराच्या पावसात त्या थांबून राहतात आणि उघडीप मिळाली की निघतात. अशा दिवसाचा आकडा वेगळ्या रकान्यात टाका.

५. आकाशात बाकी कोण असतं

पाकोळी पक्षी: पंख विळ्यासारखे ताठ, मध्येच पंख न हलवता लांब तरंगतो, कमरेवर पांढरा पट्टा, थव्यात चिरकतो. वटवाघूळ असं तरंगत राहत नाही, त्याची पंखांची फडफड सतत चालू असते. सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटं झाली, तरी या पक्ष्यांचे काही थवे वर असतात. मोजणीत ते घुसतात.

आपली पाकोळी खालच्या पट्टीत राहते, दोन मीटरपासून आठ-दहा मीटरपर्यंत. झाडाच्या कडेने, रस्त्यावरच्या दिव्याभोवती, हळू आणि फडफडत, एकाच टापूत घिरट्या घालत. तिच्या डोक्यावरून सरळ, वेगात, जरा मोठं काहीतरी गेलं आणि दिव्याच्या उजेडात पोट पिवळसर चमकलं, तर ते घरांतच राहणारं पिवळं वटवाघूळ, स्कोटोफिलस. त्याच्या लहान जातीचाही हात ४४ मिमीच्या पुढे असतो, म्हणजे आपल्या पाकोळीच्या दीडपट. खूप उंचावर अरुंद पंखांनी सुसाट जाणारी बहुधा टॅफोझस किंवा मुक्तशेपटी असतात. संथ पंख मारत, फळझाडाभोवती घुटमळणारं ते फळं खाणारं.

उंची नोंदवताना अंदाजाने मीटर लिहिण्यापेक्षा 'दिव्याच्या खाली', 'दुसऱ्या मजल्याच्या खिडकीएवढी' असं लिहा. नंतर मोजता येतं, आणि अंधारात माणसाचा मीटरचा अंदाज फार फसतो.

६. आवाज: असेल तर

या पाकोळीच्या हाकांचा जोर साधारण ५० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. आपल्या कानाची मर्यादा २०. मोबाइलचा साधा रेकॉर्डर सेकंदाला ४४ किंवा ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मोबाइलवर 'रेकॉर्ड झाली' म्हणून आलेली किचकिच ही त्यांची आपसातली बोली असते, शिकारीच्या हाका नव्हेत.

साधा, बटण फिरवून ऐकायचा डिटेक्टर असेल, तर ५० वर लावा. टपटप असे ठोके ऐकू येतील आणि कीटकावर झडप घालण्याच्या क्षणी ते इतके जवळ येतात, की 'झर्र' असा एकच आवाज होतो. तो झर्र ऐकला, की इथे शिकार होते अशी नोंद करा. राहण्याच्या जागेइतकीच ही नोंद मोलाची. ऑडिओमॉथसारखा नोंदवणारा डिटेक्टर असेल, तर नमुना-दर २५६ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर ठेवा आणि मूळ फाइल कधीच पुसू नका. निघण्यापूर्वी यंत्रासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून बघा. त्यात भरपूर अल्ट्रासाउंड (आपल्या कानापलीकडचा आवाज) असतो, यंत्र चालू आहे की नाही लगेच कळतं. त्याच कारणाने मोजणीच्या वेळी किल्ल्या आणि नाणी खिशात ठेवू नका. पावसाळ्याच्या शेवटी नाकतोडे आणि रातकिडेही त्याच पट्टीत कोलाहल करतात.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे अॅपने आपोआप सांगितलेलं नाव. ही अॅप्स बहुतेक युरोप-अमेरिकेच्या प्रजातींवर शिकलेली असतात. आपल्या पाकोळीची ५० किलोहर्ट्झची हाक दिली, की ती युरोपातल्या कुठल्यातरी पिपिस्ट्रेलचं नाव छातीठोकपणे सांगतात. नाव सोडून द्या, हाकेचा आलेख ठेवा. शिवाय एकच पाकोळी भिंतीजवळ उडताना हाक तीव्र आणि उंच करते, मोकळ्यावर खाली आणते. दोन वेगळे आकडे म्हणजे दोन प्रजाती नव्हेत.

७. नाव लिहिताना हात आखडता घ्या

महाराष्ट्रात या कुळीतल्या तीन पाकोळ्यांचा घोळ होतो. सिलोनिकस सर्वांत मोठी, हात सरासरी ३७ मिमी, म्हणजे आपल्या नाण्यापेक्षा सेंटिमीटरभर लांब; तिची हाकही खालच्या पट्टीत, ३५ ते ४० किलोहर्ट्झच्या दरम्यान. ही सरावाने वेगळी काढता येते. पण कोरोमांड्रा आणि टेन्युइस यांचं तसं नाही. कोरोमांड्राचा हात २५ ते ३४ मिमीपर्यंत भरतो, म्हणजे दोघींच्या मापांची चांगलीच सरमिसळ आहे. रंग जवळपास एक, राहणं एक, उडणं एक. खात्री करायला कवटी, दात आणि इतर बारीक मापं लागतात; ते काम मुंबईच्या बीएनएचएससारख्या संस्थांच्या संग्रहात बसणारे अभ्यासक करतात.

म्हणून उडती पाकोळी बघून नोंदीत 'पिपिस्ट्रेलस टेन्युइस' लिहू नका. 'पिपिस्ट्रेलस, लहान' एवढंच लिहा. ही माघार नाही. खोट्या खात्रीने भरलेली शंभर नावं नकाशावर पडली, की पुढचा अभ्यासक त्या नकाशावर कशालाच विश्वासाने हात लावू शकत नाही.

प्रत्येक नोंदीत एवढं असू द्या: तारीख, गाव, सूर्यास्ताची वेळ, पहिली आणि शेवटची निघाल्याची वेळ, आकडा, फट कशात आहे, जमिनीपासून उंची, तोंडाची दिशा, तापमान, पाऊस-वारा, जवळचा दिवा किंवा पाणी. फोटो फटीचा आणि लेंडीचा घ्या. झोपलेल्या पाकोळीवर फ्लॅश मारू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय निवडा. नेमकं घर जगजाहीर झालं, की दुसऱ्या दिवशी धुरी देणाराही तिथे पोचतो.

८. पाकोळी घरात आली, पडली किंवा नकोशी झाली तर

खोलीत शिरलेली पाकोळी बाहेरची वाट शोधत असते. पंखा आधी बंद करा. सर्वांत जास्त इजा त्यानेच होते. दिवे घालवा, एक खिडकी पूर्ण उघडा, दार लावून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत ती बहुधा निघून जाते. केसांत अडकते हा समज आहे, पण कुणी झाडू फिरवला तर ती खाली येऊन आदळणारच.

जमिनीवर पडलेली असेल, तर उघड्या हाताने उचलू नका. जाड हातमोजा किंवा फडकं वापरा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी घातलेलं सुती कापड ठेवून त्यात सोडा, बारीक भोकं पाडा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. दूध पाजू नका. दिवसा उघड्यावर ठेवली तर कावळे तिला सोडत नाहीत. संध्याकाळी खोकं उंचावर, आडवं ठेवून उघडा. धडधाकट असेल तर भिंत चढून उडेल. नाही उडाली तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला कळवा. चावली किंवा ओरखडली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. दात इतके बारीक असतात, की जखम दिसत नाही. दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

गुलाबी, विनालवेचं पिल्लू सापडलं, तर तेही फडक्यासकट त्याच फटीखाली शक्य तितक्या उंच ठेवा आणि संध्याकाळभर लांबून नजर ठेवा. आई बऱ्याचदा परत येऊन उचलते.

आता फट बुजवण्याविषयी, कारण घर दुरुस्तीला काढलं की हा प्रश्न येतोच. इंटरनेटवरचे इंग्रजी सल्ले सांगतात, 'हिवाळ्याआधी बंद करा, तेव्हा पिल्लं नसतात.' तो सल्ला थंड देशांचा आहे, जिथे वटवाघळं वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात वितात. आपल्याकडे तसं नाही. नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर दीर्घकाळ काम केलं, पुढे मदुराईत या चिमुकल्या पाकोळीवर खास अभ्यास झाले. त्यातून दिसतं ते असं, की ती वर्षातून एकाहून अधिक वेळा विते आणि बहुधा जुळी देते. त्यामुळे कॅलेंडर बघून 'आता सुरक्षित' म्हणता येत नाही, फटच तपासावी लागते.

तपासायचं असं: सगळ्या मोठ्या निघून गेल्यावर अर्धा तास थांबा आणि कान लावा. आतून किचकिच चालूच असेल किंवा मोठ्या रात्रीत पुन्हा पुन्हा आत येत असतील, तर आत न उडणारी पिल्लं आहेत. महिनाभर काम पुढे ढकला आणि पुन्हा ऐका. दोन सलग संध्याकाळी आत पूर्ण शांतता असेल, तरच पुढे जा.

मग फटीवर गुळगुळीत जाड प्लास्टिकचा पडदा लावा: वरची आणि बाजूंच्या कडा चिकटवलेल्या, खालची मोकळी, फटीच्या खाली सुमारे फूटभर लोंबणारी. पाकोळी आतून खाली सरकत निघते, पण परत चढताना पाय घसरतो. जाळी वापरू नका, तिचे पंख भोकांत अडकतात. पडदा सात रात्री राहू द्या. मग तीन संध्याकाळी मोजा. तिन्ही वेळा शून्य आलं, तर बुजवा. डांबराच्या गोळ्या, गंधकाचा धूर, फवारे यांतलं काहीही करू नका. त्याने त्या आतच मरतात आणि वास महिनाभर जात नाही.

बुजवलीच पाहिजे का, हे मात्र एकदा मालकाला विचारून बघा. 'एक पाकोळी तासाला हजार डास खाते' असं सांगून नव्हे. तो आकडा अमेरिकेतल्या दुसऱ्याच प्रजातीवर बंद खोलीत झालेल्या प्रयोगातले काही मिनिटांचे मोजमाप ताणून आलेला आहे. खरं आहे तेवढं सांगा: दहा-पंधरा पाकोळ्यांची लेंडी आठवड्याला मूठभरही होत नाही, त्या लाकूड कुरतडत नाहीत, वायर तोडत नाहीत, घरटं बांधत नाहीत, आणि फटीखाली वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी तिरकी ठोकली, की भिंत खराब होण्याची तक्रारही मिटते. पट्टी फटीपासून किमान दोन फूट खाली ठोका. त्याहून वर ठोकली, तर खाली झेप घेऊन उडणाऱ्या पाकोळीला ती आडवी येते.